करुंबय्याच्या बंदुकीचे बार

करुंबय्या गेला तेव्हा त्याच्या एका पायात बूट होता आणि दुसरा हातात. फेब्रुवारीतली सकाळ, मिरीची तोडणी चाललेली, आणि शिडी त्यानं आदल्या दिवशीच झाडाला टेकवून ठेवलेली. ओसरीवरच्या आंब्याच्या बाकावर बसून त्यानं डावा बूट चढवला, नाडीची गाठ मारली, उजवा उचलला आणि तिथंच थांबला. देचम्मा आतून म्हणाली, "कॉफी निवतेय." उत्तर आलं नाही. म्हणजे स्वारी रागावली, असं धरून ती पण पाव तास रागावून बसली. बावन्न वर्षांच्या संसारात तिचा अंदाज तेवढा एकदाच चुकला.

वय अठ्ठ्याहत्तर. डॉक्टरनं सहा वर्षांपूर्वी शिडी बंद केली होती. त्यावर करुंबय्यानं डॉक्टरच बंद केला होता.

आमच्या कडंगमोट्टे गावात माणूस गेला की त्याच्या अंगणातून लागोपाठ दोन बार निघतात. डोंगरावर जिथं असेल तिथं माणूस हातातलं काम थांबवून मोजतो. दोन झाले की पांढरे कपडे घालायचे आणि आवाजाच्या दिशेनं चालायला लागायचं. एकच झाला तर कुणाकडे तरी मुलगा झाला. मग हसत निघायचं. मुलगी झाली तर काशाचं ताट वाजवतात. त्याचा आवाज गोठ्यापर्यंत जातो. पोरांना हे पाढ्यांच्या आधी येतं.

त्या दिवशी अकरा वाजले तरी करुंबय्याच्या अंगणातून बार निघाला नाही. आमचं कुंपण एकच, त्यामुळे मी आठलाच पोचलो होतो. करुंबय्याला आत दिव्यासमोर ठेवलं होतं, आमच्या रीतीप्रमाणे पांढरा अंगरखा घालून. नवरदेव होताना घातला होता तसाच. भिंतीवर दुनळी बंदूक होती. ओसरीवर माचय्या होता. माचय्या म्हणजे करुंबय्याचा थोरला चुलतभाऊ, घराण्यातला सगळ्यात वडील माणूस, आणि काडतुसांचा डबा त्याच्या ताब्यात होता.

"बार कुशा काढेल," माचय्या म्हणाला.

कुशा म्हणजे माचय्याचा मुलगा. बेंगळुरूला संगणकावर काम करतो. त्यानं शेवटचा नेम धरला होता तो जत्रेत फुग्यावर, आणि तो फुगेवाल्याला लागला होता. कुशाचं तोंड आधीच उतरलं होतं.

"बार मी काढणार," बोळ्ळू म्हणाली. करुंबय्याच्या चार मुलींतली ही धाकटी. वय चाळीस, पायांत बापासारखेच बूट. "अप्पानं मला सांगितलंय."

"कागद आहे?"

"अप्पा कागदावर कधी काही सांगायचा का, मोठे अप्पा? वीजवाल्यांना शिव्यासुद्धा तोंडी द्यायचा."

"हे बघ बाळ, तुझं लग्न झालं. तू आता नवऱ्याच्या घराण्यातली. आपल्या घराण्याच्या माणसाचे बार तुला काढता येत नाहीत. मी केलेला नियम नाही हा."

"नवरा तिकडे माझ्या बापाच्या गोठ्यातलं शेण काढतोय. मग तो कुठल्या घराण्यातला?"

 माचय्यानं डबा खाली ठेवला आणि त्यावर बसला.

बाकीच्या तिघी बहिणी बोळ्ळूच्या मागे ओळीनं उभ्या. चौघींची भुवई एकाच तऱ्हेनं वर चढलेली. त्याचं कारण पुढे सांगतो.

आता तुम्ही म्हणाल, मोबाइल आहेत, बाराचं काय एवढं? बातमी तर सगळ्यांना कधीच कळली होती. पण बार झाल्याशिवाय कुणाच्या दारात उभं राहणं आमच्याकडे बसत नाही. न बोलावता लग्नाला गेल्यासारखं दिसतं. तेव्हा अख्खी टेकडी पांढरे कपडे घालून आपापल्या ओसरीत कान लावून बसली होती. माझ्या बायकोचा तिसरा निरोप आला: "अहो, साडी नेसून दोन तास झाले. भात टाकू की नको?" जेवण घेऊन यायचं ते शेजाऱ्यांनी, आणि शेजारी तर अडकलेले. बार कोण काढणार हे ठरल्याशिवाय करुंबय्या मेलाही नव्हता आणि जिवंतही नव्हता.

खरं म्हणजे असं मधे अडकून राहण्याची त्याला सवय होती.

अठराव्या वर्षी तो फौजेत गेला, त्यात विशेष काही नाही. आमच्याकडे पोरगा उंच झाला की फौजेत जातो. एकाहत्तरच्या लढाईत डाव्या हाताची दोन बोटं गेली. त्या लढाईबद्दल तो आयुष्यभर एकच वाक्य बोलला: "मी चहा पीत होतो. बोटं गेली, पण कप शाबूत राहिला." कुणी जास्त खोदलं तर म्हणायचा, "चहात साखर कमी होती." पलटणीतल्या दोन पोरांना त्यानं त्याच हातानं ओढत मागे आणलं, हे आम्हाला तीस वर्षांनी कळलं. त्यांतला एक पंजाबी गृहस्थ नातवंडं घेऊन कॉफीचे मळे बघायला आला आणि करुंबय्याला बघून अंगणात मोठमोठ्यानं रडायला लागला. करुंबय्या शरमेनं इतका लाल झाला की गोठ्यात जाऊन बसला.

बोटं गेल्यावर त्याला कोठाराच्या कामावर बसवलं. साहेब म्हणाले, मोजदाद करायची, सावलीत बसायचं. करुंबय्या म्हणाला, "साहेब, माझी आठ बोटं उरलीत. आठाच्या पुढं काही आलं तर मला जबाबदार धरू नका." नोकरीची वर्षं पुरी झाली तशी त्यानं एक ट्रंक उचलली आणि घर गाठलं.

वाट्याची जमीन म्हणजे तीन एकर उतार. उतार कसला, भिंतच. वरून लिंबू सोडलं तर थेट ओढ्यात. शिवाय मधून हत्तींची वाट. माचय्यानं आपलेपणानं सल्ला दिला, "करुंबा, ही जमीन दुसऱ्याला कसायला दे. तुला हात नाही."

"दीड हात आहे. जमीनही दीडच माणसाला पुरेल एवढी आहे."

त्यानं ती कॉफीनं भरली. रोपट्याला आधार द्यायला तीन बोटं, माती दाबायला पाच. हत्ती आले की कुंपण झोपायचं. सकाळी हा शिट्टी वाजवत पुन्हा उभं करायचा. एका सुळ्याच्या हत्तीनं लागोपाठ अकरा वेळा कुंपण पाडलं. बाराव्या वेळी करुंबय्यानं तिथं फाटकच बसवलं आणि ते उघडं ठेवलं. "आता मोडून दाखव म्हणावं." हत्ती फाटकातून गेला, आणि हा महिनाभर छाती काढून फिरला.

देचम्मा वर्षातले सहा महिने दम्यानं बेजार असायची. म्हणून स्वयंपाक, धुणं आणि पोरींच्या वेण्या त्याच्याकडे होत्या. आठ बोटांनी वेणी घालायची तर केस गच्च आवळावे लागतात. त्यामुळे चारही पोरींच्या भुवया वर ओढल्या गेल्या. शाळेत गुरुजींनी काहीही शिकवलं तरी या चौघी आश्चर्यानं थक्क झालेल्या दिसायच्या. गुरुजी फार खूश असायचे त्यांच्यावर.

पण आमच्या टेकडीवर करुंबय्याचं नाव झालं ते बारांमुळे.

पहिली मुलगी झाली त्र्याहत्तरात. तो रजेवर आला होता. आतून चोंदव्वा सुईण बाहेर आली, ताट उचलायला वळली, तोवर यानं अंगणात जाऊन बार काढला. एक. सगळी टेकडी हसत वर आली. मुलाच्या हातात ठेवायला एरंडाच्या देठाचं इवलंसं धनुष्य पण कुणी करून आणलं होतं. चोंदव्वा दारातच उभी.

"मुलगी आहे," ती म्हणाली. "माझ्याकडे बघू नका. मी फक्त बाहेर काढली. बार त्यानं काढला."

माचय्या करुंबय्याला बाजूला घेऊन गेला. बाजूला म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल एवढाच. "करुंबा, मुलीला ताट वाजवतात."

"ताटाचा आवाज गोठ्यापर्यंत जातो. माझी पोर काय गोठ्यापुरती आलीय?"

"लोकांची फसवणूक झाली."

"फसवणूक कसली? बार झाला, पोर झालं. आत जाऊन बघा, दोन्ही कान आहेत." आणि त्यानं ते एरंडाचं धनुष्य घेऊन मुलीच्या मुठीत दिलं. तिनं ते लगेच तोंडात घातलं.

शहात्तरात दुसरी. पुन्हा बार. या खेपेला अर्धे लोक आले. या खेपेला खरोखरच मुलगा असेल, अशी त्यांना आशा होती. ऐंशीत तिसरी. चौघे आले, आणि तेही डुकराच्या रश्शासाठी, कारण बार काढायच्या आधी करुंबय्या हंडा चढवून ठेवायचा आणि त्याच्या हाताला चव होती.

चौऱ्याऐंशीत बोळ्ळू झाली. दुपारची वेळ. करुंबय्यानं बार काढला आणि रस्त्याकडे बघत उभा राहिला. कुणी आलं नाही. अर्धा तास गेला. हंड्यातला रस्सा आटायला लागला. खरं म्हणजे सगळ्यांनी ऐकलं होतं. माझ्याच आईनं डोळे मिटूनच सांगितलं होतं, "करुंब्याला मुलगी झाली," आणि कूस बदलली होती. एवढ्या दिवसांत टेकडीनं त्याचा बार वाचायला शिकून घेतला होता.

करुंबय्याला ते फार लागलं. तीन पोरींना मिळालेलं चौथीला नाही, म्हणजे काय? तो आत गेला, दुनळीत दोन काडतुसं भरली, अंगणात आला आणि रागाच्या भरात दोन्ही चाप ओढले. एकापाठोपाठ एक.

टेकडीनं मोजलं. एक मघाशी, आणि आता दोन. सगळीकडे एकच अर्थ लागला: बाळंतीण गेली.

अशी धावाधाव मी पुन्हा बघितली नाही. बायका पांढऱ्या साड्या गुंडाळत, रडत, कॉफीतून वाट काढत निघाल्या. आम्ही भाताचे टोप डोक्यावर घेतले. माचय्या घराण्यातला वडील. त्यानं क्षण वाया न घालवता दोन माणसं बोलावली आणि सरणासाठी आपल्या दारचं आंब्याचं झाड पाडलं. फळांच्या ओझ्यानं फांद्या जमिनीला टेकायच्या असं झाड. मग डोळे पुसत तोही आला.

अंगणात हंडा रटरटत होता. करुंबय्या मुलीला घेऊन उभा होता, आणि एवढी गर्दी बघून त्याचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "या, या! मला वाटलं, वारा उलटा होता."

बायकांनी गळा काढला आणि आत धाव घेतली. देचम्मा उशीला टेकून भाकरी खात होती. दारात पांढऱ्या साड्यांची रांग बघून तिनं घास खाली ठेवला आणि विचारलं, "कोण गेलं?"

"तू!" चोंदव्वा म्हणाली, आणि मटकन खाली बसली.

त्यानंतर तिथं जे झालं ते सांगण्यासारखं नाही. शिव्या आमच्या भाषेतल्याच होत्या, पण काही मी तेव्हा पहिल्यांदा ऐकल्या. शेवटी सगळे पांढऱ्या कपड्यांत बसून रस्सा जेवले. माचय्या जेवला नाही. तो म्हणाला, "माझा आंबा." एवढंच म्हणाला, आणि पुढची चाळीस वर्षं मधूनमधून म्हणत राहिला. झाडाच्या फळ्या करुंबय्यानं कापून आणल्या आणि ओसरीवर बाक केला. बोळ्ळूचं नाव पडलं आंब्याची बोळ्ळू. त्या गोंधळात एरंडाचं धनुष्य आणायचं कुणाला सुचलंच नाही. तिघींना मिळालं, तिला नाही.

आणि नेमका तिचाच हात बंदुकीवर बसला. कैलपोळ्दाच्या सणाला आम्ही बंदुकांची पूजा करतो आणि मग माडाच्या शेंड्याला नारळ बांधून नेम लावतो. चौदा वर्षांच्या बोळ्ळूनं पहिल्याच बाराला नारळ फोडला. पंचांनी ठरवलं, हा धरायचा नाही, पोरींचा नेम मोजत नाहीत. पंच म्हणजे माचय्या आणि आणखी दोघे. दुसरा नारळ बांधला.  करुंबय्या चालत गेला आणि माडाला पाठ लावून, हाताची घडी घालून नारळाखाली उभा राहिला.

"करुंबा, बाजूला हो. लोक नेम धरतायत."

"धरू द्या की. पोरीचा लागलेला नेम मोजत नसाल, तर मला लागलेलाही मोजू नका."

दोन तास उभा होता. उन्हात. कुणाचीही बंदूक वर होईना. दुपारचं जेवण थंड व्हायला लागलं तसा माचय्यानं कंटाळून वहीत बोळ्ळूचं नाव लिहिलं.

तर असा हा माणूस आत दिव्यासमोर, आणि बाहेर त्याचे बार अडलेले. साडेअकरा झाले. कुशा हळूच म्हणाला, "बाबा, तिलाच काढू द्या ना." माचय्यानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो शेण काढायला गेला.

"मी मेल्यावर सगळं तुमच्या मनासारखं करा," माचय्या म्हणाला. "मी असेपर्यंत रीत मोडणार नाही. आयुष्यभर करुंबानं मोडली. मेल्यावर तरी त्याचं नीट होऊ दे."  चुलतभावावर त्याचा जीव होता. फक्त दोघांना आयुष्यात एकदाही एकाच वेळी एकमेकांचं पटलं नव्हतं.

तेव्हा देचम्मा बाहेर आली. हातात तांदळाचा डबा. 

"अण्णा," ती माचय्याला म्हणाली, "चार वेळा मी आत ओरडत होते आणि हा बाहेर बार काढत होता. चारही वेळा मला वाटलं, छप्पर खाली येतंय. एकदाही मला विचारलं नाही त्यानं. आज मीही कुणाला विचारत नाही." तिनं डब्यात कोपरापर्यंत हात घातला, दोन काडतुसं काढली, पदराला पुसली आणि बोळ्ळूच्या हातात दिली. "गेल्या कैलपोळ्दाला त्यानंच ठेवलीत. तांदळात दमट होत नाहीत म्हणाला. म्हणाला, 'मी गेलो की माचय्या डब्यावर बसेल.'"

माचय्या चटकन डब्यावरून उठला.

कुणीतरी हसलं. मला वाटतं थोरलीच. मग चौघीही हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला.

बोळ्ळू बंदूक घेऊन बाहेर आली तेव्हा माचय्या दारातच उभा होता. दोघं समोरासमोर. ती थांबली, पण मागे सरली नाही. "मोठे अप्पा, हवं तर अप्पासारखे हाताची घडी घालून उभे राहा. दोन तास तर दोन तास. मी पण त्याचीच आहे."

माचय्यानं तिच्याकडे पाहिलं, तिच्या बुटांकडे पाहिलं, मग ओसरीवरच्या बाकाकडे. आणि बाजूला झाला.

"उजवीकडे तोंड करून काढ," तो म्हणाला. "डावीकडे माझा दुसरा आंबा आहे."

बोळ्ळूनं अंगणाच्या मधोमध पाय रोवले. एक. आणि लगेच दुसरा. डोंगरानं दोन्ही परत दिले. मग चारी बाजूंनी कॉफीच्या झाडांतून पांढरे ठिपके उतरायला लागले.

सगळ्यात आधी पोचली चोंदव्वा. नव्वदीची, मोबाइल नाही, ऐकू नीट येतं. पांढरी साडी नेसलेली, एका हातात काठी आणि काखेत एरंडाच्या देठाचं धनुष्य.

"हे कशाला आणलंस?" माचय्यानं विचारलं.

"करुंब्याच्या घरचे दोन बार. माझा भरवसा नाही. दोन्ही तयारीनं आलेय. मेलंय कोण आणि झालंय कोण, ते आधी सांग."

"करुंबा गेला."

"नक्की? मागच्या खेपेला तूच झाड पाडून आला होतास."

"आत जाऊन बघ."

ती आत गेली. बराच वेळ आत होती. करुंबय्याच्या पायांत दोन्ही बूट घातलेले होते. उजवा देचम्मानं घातला होता, तो कुणाला काढू दिला नव्हता. चोंदव्वा डोळे पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "बार कुणी काढले?"

"बोळ्ळूनं."

"तरीच. त्यानं काढले असते तर तीन झाले असते." मग तिनं काखेतलं धनुष्य काढून बोळ्ळूच्या हातात दिलं. "घे. तुझं राहिलं होतं."

बोळ्ळूला काय करावं सुचेना. एका हातात बंदूक, एका हातात ते धनुष्य, भुवया वर. माणसं येत राहिली. भाताचे टोप आले, माझ्या बायकोचा सगळ्यात मोठा. अंगण भरलं, मग गोठ्यापुढची जागा भरली, मग फाटकापर्यंत माणसंच माणसं, ते हत्तीचं फाटक.

दुपारी लाकडाचा विषय निघाला. कोण म्हणालं ओढ्यापलीकडचं, कोण म्हणालं माझ्याकडचं. माचय्यानं हात वर केला आणि आपलं डावीकडचं झाड दाखवलं. मोहोर धरला होता. "तोडा," तो म्हणाला.

माणसं कुऱ्हाडी घेऊन झाडाखाली उभी राहिली. "थांबा," माचय्या म्हणाला, आणि घाव पडायच्या आधी आत जाऊन पुन्हा एकदा खात्री करून आला.